पासबुकाची पिढी, ॲपची पिढी

● पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) : 1968 पासून. मुदत 15 वर्षं. पगार झाला की आधी पोस्ट नि बँकेत बचत. हॉटेलात जाणं वाढदिवसाला किंवा निकालाच्या दिवशी, ही जुन्या मध्यमवर्गाची रीत.

● यूपीआय : 2016 पासून. नोटा मोजणं संपलं, हात सैल झाला.

● एसआयपी : नव्या पिढीची बचत. हप्ता खात्यातून आपोआप म्युच्युअल फंडात वळता.

● शहरी खर्च : पेयं, अल्पोपाहार व प्रक्रियायुक्त अन्नाचा वाटा 2011-12 मध्ये सुमारे 9 टक्के, 2023-24 मध्ये सुमारे 11 टक्के (घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण).

● बिल तपासा : बहुतेक हॉटेलांत जीएसटी 5 टक्के. सेवा शुल्क सक्तीचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच बजावलं आहे.