टकटक ऐकू आली? आधी तेल पाहा

भाजीपाला मूलच्या नाहीतर चंद्रपूरच्या बाजारात न्यायला गटाने जुनी गाडी घ्यायची ठरवली, की आपण रंग बघतो, टायर बघतो. इंजिनचा आवाज मात्र ‘भाऊ बघतील’ म्हणून सोडून देतो. आज त्या आवाजाबद्दल बोलू. गटाची वर्षाची बचत त्यात जाऊ शकते.

आधी ओळखीचं यंत्र घेऊ. बोडीतलं पाणी धानाला उपसणारं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही १९४६ मध्ये स्थापन झालेली कंपनी अशी इंजिनं बनवते. त्यात हवा आत घ्यायला एक व्हॉल्व्ह असतो आणि धूर बाहेर सोडायला दुसरा. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे मारत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह ७५० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा! व्हॉल्व्हला वरून दाबणाऱ्या तुकड्याला रॉकर म्हणतात. या दोघांत मुद्दाम बारीकशी फट ठेवलेली असते. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं ना, तसंच लोखंड तापलं की वाढतं. वाढायला जागा नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, इंजिन लवकर सुरू होत नाही आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. फट जास्त झाली तर टकटक वाजतं.

ही फट बसवण्याच्या कामाला मेकॅनिक ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात. इंजिन थंड, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, मधे ठरावीक जाडीची पत्ती सरकवायची, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा आणि पुन्हा पत्ती घालून बघायची. जाडी किती, ते इंजिनच्या पुस्तकात दिलेलं असतं. अंदाजाने करायचं हे काम नाही.

बऱ्याच गाड्यांत मात्र हा स्क्रूच नसतो. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. डिझेल स्विफ्टमध्येही त्याच जातीचं इंजिन होतं. त्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. हायड्रॉलिक टॅपेट म्हणजे छोटी डबी, आत सरकणारा दट्ट्या आणि तळाशी एक गोळी. इंजिनचं तेल डबीत शिरतं, गोळी त्याला मागे जाऊ देत नाही. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून दट्ट्या वर टेकून राहतो आणि फट आपोआप भरून निघते.

आपला हातपंप आठवा. रात्रभर उभा राहिला की सकाळचे पहिले चार हापसे रिकामे जातात, मग पाणी लागतं. या टॅपेटचंही तसंच. सकाळी सुरू केल्यावर काही सेकंद टकटक झाली आणि थांबली, तर घाबरू नका. इंजिन तापल्यावरही चालूच राहिली, तर आधी तेलाकडे बघा. तेल कमी आहे, जुनं होऊन घाण झालंय किंवा चुकीच्या नंबरचं भरलंय, हे नेहमीचं. तेल जास्त भरलं तरी फेस होतो, आणि फेस दाबला जातो. मग दट्ट्या टेकत नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. तेलाची काडी काढून पुसा, पुन्हा घालून काढा. तेल दोन खुणांच्या मधे हवं. चालवताना तेलाचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद करा. घर जवळ आहे म्हणून पुढे नेऊ नका.

कुणी अशा गाडीची ‘टॅपेट सेटिंग’ करायला पैसे मागितले तर सरळ विचारा, “दादा, कोणता स्क्रू फिरवणार?” काही जुन्या परदेशी इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेटलाही नट असतो, पण मल्टिजेटमध्ये नाही. तेल बदलूनही आवाज राहिला तर डबी खराब असेल, ती बदलतात, सेट करत नाहीत. डिझेल गाडीत इंजेक्टरही टकटक करतो, म्हणून डब्या बदलण्याआधी आवाज नक्की कुठला हे त्यांच्याकडून दाखवून घ्या.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.