श्वानांचे लसीकरण

श्वानांचे लसीकरण म्हणजे कुत्र्यांच्या शरीरात विशिष्ट रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण व्हावी, यासाठी त्यांना लस देण्याची प्रक्रिया होय. ते सामान्यतः पिल्लाच्या वयाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि पुढे ठरावीक अंतराने चालू राहते. काही रोग कुत्र्यांकडून माणसांना होत असल्याने सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही त्यास महत्त्व आहे.

प्रमुख रोग

डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य यकृतदाह आणि रेबीज या विषाणुजन्य रोगांविरुद्धच्या लसी भारतात आवश्यक मानल्या जातात. पार्व्होमुळे पिल्लांना उलट्या व रक्ताचे जुलाब होतात. त्याचा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो. डिस्टेंपर श्वसनसंस्था, पचनसंस्था व मज्जासंस्थेवर आघात करतो. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणुजन्य रोग उंदीर आदी प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो व माणसांनाही होतो. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या प्रदेशांत त्याची लस विशेष उपयुक्त ठरते.

पिल्लांचे लसीकरण

नवजात पिल्लास आईच्या चिकातून प्रतिपिंडे मिळतात. ती पिल्लाचे रक्षण करतात. परंतु लसीतील विषाणूलाही निष्प्रभ करतात. कालांतराने ती घटत जातात, तेव्हा मधला एक काळ असा येतो, की ती रोग रोखण्यास अपुरी, मात्र लस निष्फळ करण्यास पुरेशी असतात. हा काळ प्रत्येक पिल्लात वेगळा असतो. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत, लसीच्या मात्रा दिल्या जातात. पहिल्या मात्रेनंतर लसीकरण थांबविल्यास पिल्लू असुरक्षित राहू शकते. रेबीजची लस साधारणतः बाराव्या आठवड्यापासून देतात.

प्रौढ कुत्र्यांचे लसीकरण

रेबीजच्या पहिल्या लसीनंतर एका वर्षाने वर्धक मात्रा देतात; त्यापुढील अंतर लसीचा प्रकार व स्थानिक नियम यांवर अवलंबून असते. डिस्टेंपर, पार्व्हो व यकृतदाह यांच्या लसींचे संरक्षण दीर्घकाळ टिकते. लेप्टोस्पायरोसिसची लस मात्र दरवर्षी द्यावी लागते. पूर्वी लस न दिलेल्या प्रौढ कुत्र्याचे लसीकरणही करता येते. लस देण्यापूर्वी पशुवैद्य प्राण्याची तपासणी करतात. आजारी प्राण्याचे लसीकरण सहसा पुढे ढकलले जाते. लसीनंतर एक-दोन दिवस मरगळ, सौम्य ताप वा सूज येऊ शकते. तीव्र ॲलर्जी क्वचित होते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात न साठविल्यास त्यांची परिणामकारकता घटते.

रेबीज व सार्वजनिक आरोग्य

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. माणसांतील सुमारे ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमार्फत होतो. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिल्यास रोगाची साखळी तुटते. त्यामुळे पाळीव कुत्र्यांइतकेच भटक्या कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक ठरते. गोव्यात राज्य शासन व ‘मिशन रेबीज’ यांनी सामूहिक लसीकरण, शालेय जनजागृती व रोगनिरीक्षण यांची सांगड घातली. २०२१ मध्ये ते राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले.

कुत्र्याचे लसीकरण झालेले असले, तरी ते चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ वैद्यकीय उपचार घेणे आवश्यक असते.