पदर खोचून, पाना घेऊन!

मैत्रिणींनो, मिक्सर अडखळायला लागला की ‘आतले कार्बन झिजले असतील’ हे आपण लगेच ओळखतो. पंखा घरघरला की ‘बेअरिंग गेलं वाटतं’ म्हणतो. घरघंटी चालवणारी बाई तर नुसत्या आवाजावरून काय बिघडलं ते सांगते. पण हीच मोटर चाकांवर चढली, की आपण चार पावलं मागे सरतो. ‘गाडीचं काम बायकांचं नाही’ असं कुणी म्हणायच्या आधी आपणच ते मान्य करून टाकतो!

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या महिला बचत गटाची एक इलेक्ट्रिक व्हॅन आहे. पोळी-भाजीचे डबे पोखरण रोड, शिवाईनगर, लोकमान्यनगर असे पोचवायला ती आम्ही जुन्यात घेतली. आता तिला आठ वर्षं उलटून गेलीत. बारा जणींची कमाई तिच्यावर अवलंबून आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्यानंतर मात्र दरवर्षी. विजेवरच्या गाड्यांना २०१८ पासून परमिटची सूट आहे, फिटनेसची नाही. आणि नेमकी फिटनेसच्या तोंडावर व्हॅन मागून खडखडायला लागली. वेग वाढला की मोटरही कण्हायची. दोन गॅरेजवाल्यांनी ‘इलेक्ट्रिक? आम्ही हात लावत नाही’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्याने मागचा सगळा भाग आणि मोटर बदलायला सांगितली. तो खर्च आमच्या वर्षभराच्या बचतीपेक्षा जास्त होता!

मग आम्ही ठरवलं, आधी नीट समजून तर घेऊ. गटातल्या एकीने आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला. तिच्या ओळखीचे एक निवृत्त फिटर काका आले. आमच्या शेजारी वागळे इस्टेट, एमआयडीसीची १९६२ सालची पहिली वसाहत. तिथे नाना तऱ्हेची बेअरिंगं मिळतात, लेथवर हवा तसा बुश करून मिळतो. काका म्हणाले, ‘ताई, गाडी म्हातारी झाली, मेली नाही.’ चार रविवार आम्ही शिकलो.

खडखड कशाची?

विजेच्या गाडीत बॅटरीचं ओझं कायम अंगावर असतं. गाडी रिकामी असली तरी पाटे, शॉकअप आणि रबरी बुश यांना विश्रांती नाही. त्यात आपल्याकडचे खड्डे आणि स्पीडब्रेकर! तपासणी सोपी आहे. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडायचा. एक-दोन हेलकाव्यांत गाडी थांबली नाही किंवा शॉकअप तेलाने ओला दिसला, तर तो गेला. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. पाट्यांवर चीर आहे का, हे तारेच्या ब्रशने घासून उजेडात बघायचं. बुश पाहायला लोखंडी टॉमीने हळूच उचकायचं. रबर फाटलं असेल तर पाटा खुटखुट हलतो. आमच्या व्हॅनचे मागचे बुशच फाटले होते. म्हणजे बदलायचा होता तो मूठभर रबराचा भाग!

काम करताना गाडी सपाट जागी, चाकांना पुढेमागे ओट, आणि जॅकने उचलल्यावर खाली पक्की घोडी हवीच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एक मिनिटही नाही. बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी केल्यावर. गाडी अधांतरी असताना आवळले, तर वजन आल्यावर रबर पिळवटतं आणि लवकर फाटतं. पाट्यांचे यू-बोल्ट थोडी गाडी चालली की पुन्हा आवळायचे.

कण्हणारी मोटर

आमच्या व्हॅनची मोटर पंख्यासारखीच, इंडक्शन जातीची. तिच्यात कार्बन नाहीत. झिजणारी वस्तू म्हणजे दोन बेअरिंगं आणि एक सील. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो. ६२०५ असेल तर शेवटच्या ०५ ला पाचने गुणा, म्हणजे पंचवीस मिलिमीटरचं भोक. (०४ पासून पुढच्या नंबरांना हा हिशेब लागू.) तोच नंबर दुकानात दाखवायचा. जुनं बेअरिंग पुलरने काढायचं, हातोडीने नाही. नवं बसवताना दाब आतल्या कड्यावर द्यायचा. मोटर बंद करण्याआधी आमच्या वायरमन ताईने मेगर लावून आतल्या गुंडाळ्यांना ओल लागली नाही ना, ते पाहिलं. पावसाळ्यानंतर तर हे हवंच. आणि मोटरला इंजिन ऑइल नसलं, तरी गिअरबॉक्सला तेल असतं. ते विसरू नका.

इथे मात्र थांबा

नारिंगी वायरी म्हणजे मोठा दाब. साठ व्होल्टच्या पुढचा डीसी करंट जिवावर बेततो. चावी काढली तरी कंट्रोलरमध्ये काही मिनिटं वीज साठून राहते. म्हणून मोटरच्या वायरी आम्ही सोडल्या नाहीत. इलेक्ट्रिक गाड्यांचं प्रशिक्षण घेतलेला मुलगा आला, त्याने बॅटरी तोडली, मीटरने शून्य दाखवलं, मगच आम्ही पाने उचलले. बॅटरीचा डबा उघडायचा नाही म्हणजे नाही! मूळचीच मोटर किंवा पाटे दुरुस्त करणं वेगळं. वेगळ्या जातीची मोटर बसवायची, तर आरटीओची परवानगी लागते.

हे वेड फक्त आमचंच नाही. काठमांडूत १९९३ मध्ये जुन्या डिझेल टेम्पोला बॅटरी आणि मोटर बसवून पाहिली गेली, त्यातून ‘सफा टेम्पो’ आले. १९९९ मध्ये तिथल्या खोऱ्यातून डिझेल टेम्पो हटवले गेले आणि सफा टेम्पोंची चलती झाली. ते चालवणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. दुरुस्त करत, बॅटऱ्या बदलत ते टेम्पो कित्येक वर्षं चालले.

आपल्याकडेही २०२४ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात सतरा शहरांतल्या दहा हजार महिलांसाठी पिंक ई-रिक्षाची योजना आली. छानच! पण नवी गाडी हाती येते तेव्हा सगळेच पेढे देतात. खरा प्रश्न पाच-सात वर्षांनी येतो, जेव्हा ती खडखडायला लागते आणि गॅरेजवाला मान हलवतो. त्या दिवशी ‘हा बुश आहे, ही बेअरिंग आहे, एवढंच बदला’ असं ठामपणे सांगता आलं, तर पोट भरणारी गाडी भंगारात जात नाही.

आमची व्हॅन फिटनेस पास झाली. आता आम्ही एक वही ठेवलीय. किती किलोमीटरला काय बदललं, कुठला नंबर, कुठलं दुकान, सगळं त्यात असतं. गटातली प्रत्येक जण महिन्यातून एकदा गाडीखाली डोकावते. तुमच्या गावात रिक्षा, टेम्पो, घरघंटी असं काहीही गटाच्या मालकीचं असेल, तर एक वही आजच घाला. आणि जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा, ‘आम्हाला शिकवाल का?’