खेड्यातल्या डॉक्टरांची शाळा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात २००३ साली हिपॅटायटिस-सीच्या रोग्याला अल्बुकर्कच्या तज्ज्ञाकडे नंबर लागायला आठ महिने लागत. तेव्हा डॉ. संजीव अरोरा यांनी खेड्यातले व तुरुंगातले डॉक्टर दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवले. एकाने आपला रोगी मांडायचा, बाकीच्यांनी ऐकायचं, तज्ज्ञाने सल्ला द्यायचा. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: विद्यापीठात ५७.५ टक्के रोगी बरे, खेड्या-तुरुंगांत ५८.२ टक्के! नुसत्या भाषणाने हे झालं नसतं, असं आम्हांस वाटतं. हुमणी लागलेल्या एका प्लॉटवर उभं राहून जेवढं कळतं, तेवढं परिसंवादात कळत नाही, हे आपण जाणताच.

आपल्याकडे उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मिळतो. तोडणी मजुरांनाही हे जरूर सांगावे.