काठाची लावणी

वाळुंजाची फांदी घ्यायची ती बोटाएवढी जाड, हात-दीड हात लांब. खालचं टोक तिरकं छाटायचं, वरचं सरळ. मग घाईतही कुणी ती उलटी खोचत नाही. पहारीनं काठाच्या मातीत भोक पाडायचं, निम्म्याहून जास्त फांदी आत उतरवायची आणि टाचेनं माती दाबायची. डोळे वर हवेत, हे ऊस लावणाऱ्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही.

भोर तालुक्यात नीरेकडे उतरणाऱ्या एका ओढ्यावर पहिल्या पावसानंतर हे काम चालतं. गावातली काही पोरं आणि वनस्पतींचे दोन जाणकार, एवढीच माणसं. राज्यानं २०१९ साली ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. इथे मात्र रोपं कुणी मोजत नाही. पूर कुठवर चढतो ते आधी पाहतात. झुडपांत अडकलेलं गवत, प्लॅस्टिकच्या चिंध्या पाहून ती रेघ कळते आणि त्यावरून पट्टे ठरतात.

अगदी पाण्यालगत, गोट्यांच्या खाचांत शेरणी. पुरात ती आडवी होते, पाणी ओसरलं की उठते. मुळं दगड सोडत नाहीत. तिच्या मागे वाळुंज, मग करंज आणि पाणजांभूळ, वरच्या अंगाला उंबर आणि अर्जुन. शेताच्या कडेला नुसतं गवत, तेही दाट. बघणाऱ्याला हा पट्टा बिनकामाचा वाटतो, पण शेतातून वाहत येणारी माती आणि खत पहिल्यांदा अडतं ते इथेच. तो गाळ ओढ्यात उतरला तर गोट्यांमधल्या फटी बुजतात आणि तिथे अंडी घालणाऱ्या माशांची पंचाईत होते.

लावण्याआधी बेशरम उपटावी लागते, आणि ते खरं कष्टाचं काम. तोडलेली फांदी ओल्या मातीवर पडली की तीही रुजते, म्हणून सगळा ढीग उचलून वरच्या कातळावर उन्हात टाकतात.

थोडं खाली आधीच्या लावणीचा तुकडा आहे. तिथे पाण्यात पाय सोडून बसावं आणि वाळुंजाचे बुंधे निरखावेत. पाण्यापासून वीतभर वर चतुरांच्या काती चिकटलेल्या असतात, पाठीवर उभ्या फाटलेल्या. पाण्यात वाढलेली अळी त्या बुंध्यावर चढते, कात टाकते आणि पंख वाळले की उडून जाते. टाचण्या आपली अंडी पाणवनस्पतींच्या मऊ देठांत घालतात. वाळुंजाची कोवळी पानं काळ्या ठिपक्यांच्या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या खातात, त्या अळ्यांमागे शिंपी येतो. पाण्यात लोंबणाऱ्या मुळांच्या जटांत बोटभर मासे दडतात. गळलेली पानं पाण्यात कुजतात आणि त्यांवर कितीतरी किडे पोसतात, म्हणून काठ झाडून काढायचा नाही. आपल्याकडे नदी सुधारायची म्हटलं की दगडी भिंत आणि हिरवळ पुढे येते. या सगळ्या प्राण्यांना त्या हिरवळीचा काडीचा उपयोग नाही.

एका वळणावर उभी मातीची दरड तशीच उघडी ठेवली आहे. तिथे का नाही लावलं, असं विचारल्यावर एक पोरगा म्हणाला, "दादा, तिथं खंड्याची बिळं हायेत. झाडोरा माजला तर तो बिळं कुठं करणार?" मला या साऱ्या लावणीत हा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा वाटला.

पहिल्या वर्षी पुरापेक्षा बकऱ्यांची धास्ती जास्त. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालतात, तरी दोन-चार फांद्या खुडल्या जातातच. दुसरी अडचण जमिनीची. ओढ्यापर्यंत नांगर नेणाऱ्याला काठाचा गुंठाही सोडवत नाही, आणि त्याचं फार चुकतं असंही नाही. पलीकडच्या काठाच्या मालकानं स्पष्टच सांगितलं आहे की जनावरांच्या पोटात जाईल असं काही लावणार असाल तर या. तेव्हा तिकडे बांधालगत वैरणीसाठी शेवरी आणि खाली पाण्याशी शेरणी, असा सौदा पुढच्या पावसासाठी ठरतो आहे. शेवरीच्या रांगा दोन की तीन, यावर अजून घासाघीस चालू आहे.