टाऊन हॉलमधील समुद्रदेव

कोल्हापुरास समुद्र नाहीं. सह्याद्री ओलांडून कोंकणांत उतरल्याखेरीज लाटेचा आवाज कानीं पडत नाहीं. असें असतां या शहरांत समुद्राचा एक देव राहतो, आणि तोहि परका, असें सांगितलें तर कोणासहि थट्टाच वाटेल. पण टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आपण गेलांत, तर तो आपणांस भेटेल.

टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळांत उभी राहिली. संग्रहालय १९४६ चें. त्याच्या जन्मास कारण झाली ती पंचगंगेकांठची ब्रह्मपुरीची टेकडी. तेथें १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांनीं केलेल्या खणतींत ब्राँझच्या वस्तूंचा मोठा सांठा हातीं आला, आणि १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. टेकडीच्या पोटांत सातवाहनकालीन नगर निघालें.

मूर्ति वीतभरसुद्धां नाहीं. तरवारींकडे आणि आबालाल रहिमान यांच्या चित्रांकडे धांवणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेंतून ती सहज सुटते. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. रोमन लोक यालाच नेपच्यून म्हणत. उंचावलेल्या हातांत एके काळीं त्रिशूळ असला पाहिजे. त्रिशूळ म्हटला कीं आपल्या मनांत महादेव उभा राहतो. हा त्रिशूळ मात्र मासे टोंचणाऱ्या कोळ्याच्या हत्याराचा वंशज समजतात.

बरोबर माझा धाकटा भाचा होता. त्यानें विचारलें, "मामा, हा इथवर पोहत आला काय?"

उत्तर वाऱ्यांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथावरून दिसतें कीं, हिंदुस्थानाकडे येणारीं जहाजें मिसर देशांतून जुलैच्या सुमारास निघत. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा शिडांत भरून तीं भर समुद्रांतून सरळ आपल्या किनाऱ्यास लागत, आणि हिंवाळ्यांत वारा उलटला म्हणजे परत फिरत. जो वारा आपल्या शेतांत पाऊस पाडतो, त्यानेंच हा व्यापार चालविला. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदरीं जाई, असेंहि त्या ग्रंथांत आहे. आपला देव कोणत्या घाटानें वर चढला, याची नोंद मात्र कोणी ठेविली नाहीं.

मग रोमन लोक कोल्हापुरांत वस्ती करून होते काय? असें म्हणण्याचा मोह होतो, पण मला तें उतावीळपणाचें वाटतें. त्या सांठ्यांतील सुमारें शंभर वस्तूंपैकीं बहुतेक देशी घडणीच्या. परदेशी अशा दहाच्या आसपास. एवढ्यावरून वसाहत सिद्ध होत नाहीं. एखाद्या धनिकानें हौसेनें त्या जमविल्या असतील; किंवा तें कासाराचें घर असेल आणि हा देव तेथें मोडींत आला असेल! तसें असल्यास त्याच्या नशिबीं भट्टी होती. मातीखालीं गाडला गेला म्हणूनच तो वांचला.

भाच्याचें एवढ्यानें समाधान झालें नाहीं. बाहेर पडतां पडतां त्यानें विचारलें, "पंचगंगेला पूर येतो तेव्हां ह्याला आंत कळत असेल का?"