"वॉरंटीत बसत नाही" म्हणाले? आधी ते लिहून घ्या



वाळूज, चिकलठाण्याला माल पोचवणारी तुमची गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहिली, तरी बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही. त्यात सर्व्हिसवाला सांगतो, "साहेब, हे वॉरंटीत बसत नाही. वापरामुळे झालंय." मग आपण एकतर काउंटरवर भांडतो, नाहीतर पैसे भरून गाडी सोडवतो. आज तिसरा रस्ता बघू.

१. नकार कागदावर आणा

त्याच दिवशी डीलरला ईमेल करा आणि कंपनीच्या कस्टमर केअरला कॉपी ठेवा. दोनच प्रश्न विचारा: वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली नकार दिला? तपासणीत नेमकं काय सापडलं? क्लच प्लेट, ब्रेक पॅड असे झिजणारे पार्ट बहुतेक वेळा वॉरंटीबाहेरच असतात, तिथे उगाच ताणू नका. पण "सर्व्हिसिंग उशिरा केलं" असं कारण असेल, तर त्याचा या बिघाडाशी काय संबंध, ते लेखी मागा. जॉब कार्डची प्रत घ्या, काढलेला पार्ट ताब्यात मागा, फोटो काढा. गाडी लगेच हवीच असेल, तर "हरकत नोंदवून पैसे भरत आहे" असं लिहूनच बिल भरा.

२. तुम्ही कायद्याने 'ग्राहक' आहात का?

धंदेवाल्याची तक्रार बऱ्याचदा इथेच अडते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू बसत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते.

आपल्या राज्यातलंच उदाहरण बघा. 'लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स' या लघुउद्योगाने कोइम्बतूरच्या पीएसजी संस्थेकडून सुमारे २१ लाखांचं सीएनसी मशीन घेतलं. मशीन उशिरा आलं, त्यात दोष असल्याची तक्रार झाली. राज्य आयोगाने भरपाई दिली, पण खरेदी व्यापारी हेतूची ठरली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही उद्योग हरला.

मात्र त्याच निकालात न्यायालयाने आपल्या कामाची गोष्ट सांगितली. स्वतः चालवून पोट भरायला रिक्षा किंवा ट्रक घेणारा ग्राहकच असतो. मदतीला एक-दोन माणसं असली तरी चालतं. पण गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती दिली, तर नाही.

म्हणून आपला वाहन परवाना, डिलिव्हरी चलनं, रोजची नोंदवही जपून ठेवा. तक्रारीत स्पष्ट लिहा: गाडी मी स्वतः चालवतो, घर यावरच चालतं.

३. मग आयोगाकडे

आधी राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही, तर आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. गाडी बाहेरगावी घेतली असली, तरी तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. वकील लावायलाच हवा असं नाही.

डीलर आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा आणि कोणाची चूक काय, ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका प्रकरणात, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने डीलरने जुनी गाडी नवी म्हणून विकल्याचा दोष कंपनीवर टाकायला नकार दिला होता.

तर मित्रांनो, आजचं काम एवढंच: गाडीची वॉरंटी पुस्तिका काढा आणि "काय बसत नाही" ते पान वाचा. गाडी चालू आहे तोवरच वाचून ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!